एकशे चाळीसच्या जागी एकशे ऐंशी

११ सप्टेंबर १९८४

वही बोटीवर सापडली, आमिषाच्या पिंपामागे. पहिल्या चार पानांवर कुणीतरी हवामान लिहून ठेवलंय, पाचव्यावर एका बाईचं चित्र काढलंय आणि तिथेच सोडून दिलंय. थर्लोला दाखवली तर म्हणाला, "तुझ्या आधीच्या गड्याची. तोही रोज लिहिणार म्हणायचा."

"मग?"

"मग लग्न केलं त्याने. घे तू. चित्राचं पान तेवढं अर्विलाला दाखवू नकोस."

तर आजपासून रोज लिहायचं.

मी इथे कसा आलो ते आधी लिहायला हवं, पण ठरवून आलो असं काही नाही. शाळा अकरावीत सुटली. मिनेसोटात एका तळ्याकाठच्या बोटींच्या गॅरेजात दोन उन्हाळे काढले. मग कुणी म्हणालं मेन राज्यात बटाटे काढायला माणसं हवीत, म्हणून मेनमध्ये. बटाटे संपले तेव्हा एका ट्रकवाल्याबरोबर खाली किनाऱ्याला आलो आणि पिकेट्स हार्बरला रस्ताच संपला. थर्लो बील धक्क्यावर उभा होता. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "पाण्यावर पोटात ढवळतं का तुझ्या?" मी म्हटलं, नाही. पहिले चार दिवस ओकलो. त्याने फक्त वारा कुठल्या बाजूने आहे ते बोटाने दाखवलं.

थर्लो एकाहत्तरचा आहे. बोटीचं नाव 'अर्विला', बायकोचं. तो सुकाणू धरतो आणि पिंजरे वर ओढतो. मी मागचा गडी: पिंजऱ्यातली शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, काढायची, नांग्यांना रबर चढवायचं, पिंजऱ्यात आमिष म्हणून खारवलेले हेरिंग मासे कोंबायचे आणि पिंजरा परत पाण्यात ढकलायचा. हात दिवसभर ओले. म्हणून इंजिनाच्या पेटीला लागून एक अर्धं पिंप ठेवलेलं असतं. समुद्राचं पाणी इंजिनात फिरून तापतं आणि बाहेर जाता जाता नळीने त्या पिंपात पडतं. हातमोजे त्यात बुडवायचे, पिळायचे, घालायचे. गार पडले की पुन्हा.

तापमान दाखवणारा काटा केव्हाच मेलाय. मी म्हटलं, "बदलून टाकू या का?" तर थर्लोने पिंपात हात घातला. "हा काटा त्रेचाळीस वर्षं चालू आहे," म्हणाला.

मला नावाने हाक मारत नाही. "ए तळ्यातल्या, घाबरू नकोस, ही भरती आहे. आपोआप परत जाते."

१६ सप्टेंबर

रोज लिहायचं राहिलंच. मध्ये एक पोरगी भेटली, ती सार्डिनच्या कारखान्यात डबे भरते, पण तिचा एक भाऊ आहे, तेव्हा ते असो.

आज रविवार. थर्लोची मुलगी रोवेना बँगोरहून आली होती. तिथे इस्पितळात नोकरी करते. जेवायला भाजलेलं डुकराचं मांस, बटाटे आणि ब्लूबेरीचा पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. रोवेनाने तो वाढता वाढता विषय काढला.

"बाबा, जूनमध्ये शेगडीवर भांडं जाळलंत. जुलैत मला पर्लीन म्हणालात. पर्लीनआत्याला जाऊन नऊ वर्षं झाली."

"तू तिच्यासारखीच ओरडतेस. माझा काय दोष?"

अर्विला हसली, रोवेना नाही. "मी थट्टा करत नाहीये."

थर्लोने काटा खाली ठेवला. "बोटीवर कधी काही विसरलोय का मी? तेवढं सांग."

"बोटीवर विसराल तेव्हा विचारायला कुणी उरणार नाही."

त्याने काटा परत उचलला. मग तो म्हणाला, "ठीक. बोटीवर माझ्या हातून एक चूक होऊ दे. एक. मी स्वतःहून उतरेन. तुला तोंड उघडावं लागणार नाही."

रोवेना माझ्याकडे वळली. "ऐकलंस ना? तू साक्षीला." माझ्या तोंडात ब्लूबेरीचा घास होता. मी मान हलवली.

मला वाटतं ती उगाच काळजी करते. रोज सकाळी बोटीच्या तळाचा, समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडावा लागतो आणि संध्याकाळी बंद करावा लागतो. उघडला नाही तर इंजिनाला पाणी नाही, बंद केला नाही आणि नळी फाटली तर बोट धक्क्यालाच बुडायची. ते काम तो कुणाला करू देत नाही. पालथा पडतो, हात खाली घालतो आणि फिरवताना वेढे मोठ्याने मोजतो. एक, दोन, तीन, चार. मग म्हणतो, "प्यायला लागली." ज्याला एवढं पक्कं लक्षात राहतं त्याला म्हातारचळ कसला?

६ ऑक्टोबर

गारठा. सकाळी दोरांवर बर्फाची पापडी होती. दुपारपर्यंत पिंपातलं पाणी हाताला जेमतेम कोमट लागतं. माझी बोटं दुखतात, थर्लोची तर पांढरी पडतात, अगदी मेणबत्तीसारखी. तो ती काखेत धरून उभा राहतो आणि मी बघत नाहीये असं त्याला वाटतं.

संध्याकाळी त्यांच्याकडे बीन्स खायला गेलो. थर्लो आत हात-तोंड धूत होता तेव्हा अर्विला हळूच म्हणाली, "त्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत रे आता. मी लावते. बाहेर कुठे बोलू नकोस."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गरम ठेवा म्हणतात. समुद्रावर कसं ठेवायचं ते नाही सांगत."

मी रात्रीपर्यंत तेच डोक्यात घोळवत बसलो. एरवी माझ्या डोक्यात एक गोष्ट दहा मिनिटं टिकत नाही.

९ ऑक्टोबर

सुचलं!

इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो, म्हणजे एक छोटंसं दार. पाणी ठरावीक तापेपर्यंत दार मिटलेलं, मग उघडतं. कितीला उघडतं तो फॅरनहाइटचा आकडा त्यावर ठोकलेला असतो. 'अर्विला'च्या इंजिनात आहे एकशे चाळीसचा. एकशे चाळीस! तळ्यावर आम्ही सरसकट एकशे साठ, एकशे सत्तर घालायचो. इंजिन गार चाललं की तेलाचा चिखल होतो, असं तिथला मालक रोज बोंबलायचा. म्हणजे थर्लो इतकी वर्षं गार इंजिन चालवतोय आणि गार पाण्यात हात बुडवतोय. पाणी तापवायचं तर दार उशिरा उघडू दे. इतकं सोपं.

आज वाऱ्यामुळे बोट काढली नाही. थर्लो आणि अर्विला मचायसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाले होते, मीही मागे ट्रकमध्ये बसून गेलो आणि सुट्या भागांच्या दुकानात शिरलो.

"कितीचा हवा?" काउंटरवरचा म्हणाला. "चाळीस, साठ, ऐंशी?"

"ऐंशी." पाणी उकळतं दोनशे बाराला, म्हणजे वर भरपूर सवड.

"इंजिनात गोडं पाणी वेगळं फिरतं ना? की समुद्राचंच घेता?"

माझ्यामागे दोन कोळी उभे होते आणि दोघंही ऐकत होते. याने काय फरक पडतो ते मला ठाऊक नव्हतं, पण विचारलं तर हसले असते. त्याच्या विचारण्याच्या रोखावरून 'वेगळं' हे शहाणं उत्तर वाटलं, म्हणून म्हटलं, "वेगळंच." त्याने डबी पुढे सरकवली.

दुपारी थर्लो झोपला तेव्हा बसवून टाकला. दोन तर बोल्ट आहेत. जुना माझ्या तंबाखूच्या डबीत ठेवलाय. सांगणार होतो, पण नवीन काही म्हटलं की तो आधी नाहीच म्हणतो. नायलॉनच्या दोराला सहा वर्षं नाही म्हणत होता, अर्विलाच सांगते. एकदा हात गरम झाले की मग सांगू.

१० ऑक्टोबर

थर्लोने पिंपात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. "अरे! हे काय?"

मी सकाळी लवकर जाऊन नळीला एक जुनं ब्लँकेट गुंडाळून ठेवलं होतं. विचारलंच तर असावं म्हणून. "वाटेतच ऊब जात होती," मी म्हटलं. "म्हणून गुंडाळलं."

त्याने ब्लँकेट दाबून पाहिलं. पुन्हा पिंपात हात घातला आणि यावेळी तसाच ठेवला, मनगटापर्यंत. डोळे मिटले. इंजिन नुसतं चालू, बोट वाऱ्यावर वाहत चाललेली, आणि हा डोळे मिटून उभा.

"त्रेचाळीस वर्षांत मला हे सुचलं नाही," म्हणाला.

मग रेडिओवर सगळ्या बंदराला सांगत सुटला. "माझ्या तळ्यातल्याने बघा काय केलंय! नळीला रजई शिवलीय!" कुणीतरी म्हणालं, "उद्या पिंजऱ्यांना स्वेटर विणेल." थर्लो म्हणाला, "विणू दे. तुमचे हात गारठलेत म्हणून बोलताय."

आता यानंतर कसं सांगणार?

२१ ऑक्टोबर

दहा दिवस काही लिहिलं नाही कारण सगळं छान आहे. थर्लो सकाळी शीळ घालतो. काल त्याने अर्विलासमोर शर्टाची वरची दोन बटणं स्वतः लावली आणि तिच्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन लाकडं फोडली.

आज उत्तरेच्या वाळूवर एक मेलेला देवमासा लागलाय म्हणून बघायला गेलो. सहा मैल चालत. देवमासा नव्हताच, उलटी पडलेली एक बोट होती. पण तिथे एक फ्रेंच म्हातारा भेटला, तो किनाऱ्यावरच्या गोट्यांवर मासे रंगवून विकतो. त्याच्याकडे बसलो. संध्याकाळ झाली.

३ नोव्हेंबर

पिंपातलं पाणी आता चटका देतं. थर्लोने आज हात घालून लगेच काढला आणि इंजिनाच्या पेटीकडे बघत राहिला.

"काहीतरी बिघडलंय."

"ब्लँकेट आहे ना."

"ब्लँकेट गेल्या महिन्यातही होतं. हात म्हणतोय, बिघडलंय. काढ बरं ते जरा, बघू दे."

काढलं असतं तरी पाणी तसंच राहिलं असतं. मी म्हटलं, "भिजून घट्ट बसलंय. संध्याकाळी धक्क्याला काढतो." तो हं म्हणाला. हात पुन्हा एकदा घातला, बोटं चोळली. "असेल. म्हातारं कातडं. गरम-गार नीट कळेनासं झालं असेल."

संध्याकाळी त्याने ब्लँकेटचं विचारलं नाही. विसरला असेल. मीही काढलं नाही.

पुढच्या रविवारी सांगून टाकतो. एकशे साठचा आणून घालू, मधला. म्हणजे ऊबही राहील.

१७ नोव्हेंबर

सकाळी नऊच्या सुमारास, बंदरापासून चार मैलांवर. आधी रबर जळाल्याचा वास आला, मग पेटीच्या फटींतून वाफ. थर्लोने इंजिन बंद करायला हात नेला तोच आतून काहीतरी तडकलं, लाकडाची ढलपी निघाल्यासारखा आवाज. मग एकदम शांत.

तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दुधाच्या चहासारखं. म्हणजे पाणी आत शिरलंय.

खडक अर्ध्या मैलावर होते आणि वारा तिकडेच नेत होता. थर्लोने नांगर टाकला, नीट धरलाय का ते दोर हातात घेऊन पाहिलं, रेडिओवर जागा सांगितली. आवाज अजिबात वाढला नाही. मला म्हणाला, "डोनट आहेत डब्यात. खा. ओढून न्यायला यायला तास लागेल."

तासभर आम्ही डोनट खाल्ले. अर्विलाचे, काकवीचे. तो एकच वाक्य दोनदा बोलला: "हात सांगत होता रे."

१८ नोव्हेंबर

उद्या हायरम येणार. बंदरातली सगळी इंजिनं तोच बघतो.

दुपारी मी एकटा बोटीवर गेलो आणि थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. आतून सगळं पांढरं. चुन्याने लिंपल्यासारखं. कशाने झालं कळेना. वाटलं, मला खराब माल दिला असेल, दार अडकून बसलं असेल. पण न विचारता घातलाय तो आपण, आणि हायरमच्या हाताला ऐंशीचा लागला तर पहिला प्रश्न कुणाला? म्हणून काढला. डबीतला जुना एकशे चाळीसचा होता तसा परत बसवला. ऐंशीचा पाण्यात फेकला. ब्लँकेटही सोडवलं.

इंजिन जुनंच होतं. आज ना उद्या गेलंच असतं.

१९ नोव्हेंबर

सगळं जसंच्या तसं लिहितो, म्हणजे नंतर मला स्वतःशी फिरवाफिरव करता येणार नाही.

हायरमने इंजिनाचं डोकं उतरवलं. भेग होती, त्यात नख जाईल एवढी. पाण्याच्या सगळ्या वाटा पांढऱ्या दगडाने भरलेल्या. तो स्क्रू ड्रायव्हरने टोकरत म्हणाला, "मीठ. समुद्राचं पाणी दीडशेच्या वर गेलं की मीठ सोडायला लागतं. चहाच्या किटलीत धरतं ना, तसं आत धरतं. वाटा बुजतात, इंजिन आणखी तापतं, आणखी मीठ. म्हणून तर अशा इंजिनाला एकशे चाळीसचा घालतात. गोडं पाणी असतं तर दोनशेपर्यंत खुशाल चालवा."

मी धक्क्याच्या खांबाला धरून उभा होतो.

त्याने थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. "हे कुणी उघडलं होतं? झाकणाखालचं गॅस्केट नवं आहे."

"मी," मी म्हटलं. "काल. बघायला म्हणून."

त्याने आतला थर्मोस्टॅट पुसून आकडा वाचला. मी वाट बघत होतो की त्याला काहीतरी दिसेल. तोच सांगून टाकेल, म्हणजे मला नको. पण तो म्हणाला, "एकशे चाळीस. बरोबर आहे. चांगला आहे." मग पंप पाहिला, चांगला. नळ्या पाहिल्या, चांगल्या. शेवटी पालथा पडून व्हॉल्व्ह फिरवला. बंद, उघडा, बंद, उघडा. "हाही चांगला. पूर्ण उघडतो."

उठून हात पुसत बसला. थर्लोकडे बघत नव्हता.

"बोल ना, हायरम," थर्लो म्हणाला.

"पाणी कमी पडलंय, थर्लो. महिना, दीड महिना. सगळं ठीक असताना पाणी कमी कधी पडतं? व्हॉल्व्ह अर्धाच उघडलेला असेल तर."

"चार मोजतो मी."

"मोजत असशील."

"रोज चार मोजतो." मग तो थांबला. त्याचे ओठ हलत होते, बहुतेक मोजतच होता. "मोजतो असं वाटतं," म्हणाला.

मी रोज ऐकलंय. एक, दोन, तीन, चार, प्यायला लागली. एकही सकाळ चुकलेली नाही. थर्मोस्टॅटचं नाही तर नाही, निदान तेवढं तरी मी म्हणू शकत होतो: मी ऐकलंय, चारच. ते खरं होतं आणि त्यात माझं नाव कुठे येत नव्हतं. पण ते बोललो असतो तर हायरमने विचारलं असतं, मग पाणी कशाने तापलं?

मी म्हटलं, "हायरम, कॉफी आणू का?"

२२ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. टर्की, स्क्वॉश, तीन प्रकारचे पाय. मी ठरवून गेलो होतो की पायच्या आधी सांगायचं.

पायच्या आधी थर्लोच बोलला. "रोवेना, मी म्हटलं होतं एक चूक. ती झाली. मी उतरलो."

मला वाटलं होतं रोवेनाला बरं वाटेल. ती रडायला लागली. "बाबा, दुसरं इंजिन बसवू. मी तसं नव्हते म्हणाले..."

"इंजिनाचं काय घेऊन बसलीस? त्या दिवशी नांगर लागला नसता तर हा पोरगा खडकावर गेला असता." माझ्याकडे बोट दाखवलं. "दुसऱ्याचं पोर घेऊन समुद्रावर जाणाऱ्याने चारपर्यंत मोजता आलं पाहिजे."

अर्विला टेबलाखाली त्याचा हात चोळत होती. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "एमेट, तू घे रे, भोपळ्याचा घे," आणि ताट पुढे आलं.

दोन तुकडे खाल्ले.

२३ नोव्हेंबर

आज सांगणार होतो. पाऊस होता.

२५ नोव्हेंबर

ठरवलं, सरळ जाऊन सांगायचं. निघालो. वाटेत फ्रेंच म्हाताऱ्याचा ट्रक दिसला. आत जंगलात नाताळच्या हिरव्या चक्रांसाठी फरच्या फांद्या तोडायला माणसं हवीत म्हणाला. आठवडाभराचंच काम. वाटलं, आठवड्याने डोकं शांत होईल, मग नीट शब्द सापडतील. चिठ्ठी लिहून अर्विलाच्या दारात ठेवली: फांद्या तोडायला जातोय, येतो.

चिठ्ठीतच लिहायला हवं होतं. ते आता सुचतंय, ट्रकमध्ये.

४ डिसेंबर

हाताला डिंक चिकटून वहीची पानं फाटतात. इथे सगळे फांदी करंगळीएवढ्या जाडीवर मोडतात, मी एकटाच कात्री वापरतो म्हणून हसतात. बरोबर कामाला एक बाई आहे, पिकेट्स हार्बरजवळची. ती सहज म्हणाली, "थर्लो बीलचे पिंजरे गेले म्हणे, जोन्सपोर्टच्या दोघा भावांनी विकत नेले सगळे. बोटही ओढून वर काढली. बिचारा. डोकं गेलं त्याचं, इंजिनाला पाणीच द्यायचा नाही."

मी म्हटलं, "द्यायचा."

"तुला काय ठाऊक?"

मी तिला सगळं सांगितलं. त्या अनोळखी बाईला, धडाधडा, थर्मोस्टॅट, डबी, ब्लँकेट. सांगणं इतकं सोपं होतं! तिने फांद्यांची मोळी बांधली आणि म्हणाली, "मग इथे काय करतोयस?"

५ डिसेंबर

काम लांबलं होतं, ते अर्धं टाकून परत आलो. थर्लो स्वयंपाकघरात बसला होता, टेबलावर बोये रंगवत. विकलेल्या पिंजऱ्यांची पाण्यावर खूण दाखवणारे तरंगते ठोकळे, आता कशाला कुणास ठाऊक. मी कोटही काढला नाही. उभ्या उभ्या सांगितलं. अर्विला शेगडीपाशी होती, तिनेही ऐकलं.

थर्लोने ब्रश बाटलीत ठेवला.

"कितीचा म्हणालास?"

"एकशे ऐंशीचा. ऑक्टोबरपासून. ब्लँकेट नुसतं दाखवायला होतं. तुमच्या हाताला बरोबर कळत होतं, थर्लो. तुम्ही रोज चार मोजले, मी रोज ऐकलेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. पण त्याचा चेहरा हळूहळू मऊ पडत गेला.

"आठवडाभर जंगलात हेच जुळवत बसला होतास होय?"

"जुळवत नाही. खरं आहे."

"हायरमने माझ्यासमोर काढला तो. चाळीसचा. मी आकडा पाहिला."

"मी बदलला होता! आदल्या दिवशी!"

"आणि ऐंशीचा कुठे आहे?"

"पाण्यात."

"पाण्यात," तो म्हणाला आणि हसला. थट्टेने नाही, अगदी प्रेमाने. "तळ्यातल्या, तुला खोटं बोलता येत नाही. पहिल्याच दिवशी पोटात ढवळत नाही म्हणालास आणि माझ्या बुटांवर ओकलास. पण तू हे स्वतःवर घ्यायला आलास, ते मी विसरणार नाही. म्हणजे, जितकं लक्षात राहील तितकं."

मी ओरडलो. चक्क ओरडलो. दुकानात चला, काउंटरवरच्याला विचारा. अर्विलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला पडवीत नेलं. तिचे डोळे भरले होते. "पुरे, बाळा," म्हणाली. "त्याला आता कुठे थोडं स्वीकारता आलंय. आशा लावून परत ओढू नकोस. मला कळतंय तू कशासाठी करतोयस."

कुणालाच काही कळत नाहीये. किंवा मलाच कळत नाहीये.

६ डिसेंबर

हायरमकडे गेलो. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाला, "असू शकतं." बराच वेळ हात पुसत राहिला. "पण मी आता जाऊन त्याला काय सांगू? पिंजरे गेले, परवाना त्याने रोवेनाच्या हातात दिला. तुझ्यामुळे गेलं म्हणू? तू पंधरा दिवसांपूर्वी धक्क्यावर उभा होतास. मी त्याच्यावर ठपका ठेवला तेव्हा कॉफी आणायला गेलास."

तरी मी म्हटलं, "सांग."

"बघतो," म्हणाला. त्या स्वरावरून तो सांगणार नाही.

८ डिसेंबर

निघालो. बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय.

थर्लो म्हणाला, बस थांब्यापर्यंत मी सोडतो. अर्विलाने सँडविच बांधून दिली. वाटेत तो बर्फाबद्दल बोलला, तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे कसे धरतात ते मला विचारलं, आणि मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. सारखं वाटत होतं की अजून एकदा सांगावं. पण आता जितकं सांगेन तितका मी त्याला चांगला वाटणार.

थांब्याला त्याने ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. मग दार उघडता उघडता थांबला.

"ओढला ना रे मी?"

"ओढला. आत्ताच. मी पाहिलं."

त्याने हँडब्रेककडे बघितलं. तो उभा ओढलेला होता, स्पष्ट दिसत होता. मग माझ्याकडे बघून जरासं हसला, जणू 'तू म्हणतोस म्हणून बरं.' माझ्या शब्दावर आता तो कशासाठीच विसंबणार नव्हता. खाली उतरला, रस्त्याच्या कडेला जाऊन बर्फ बाजूला सारत एक मोठा दगड शोधला. पांढऱ्या पडलेल्या बोटांनी तो उचलून आणला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. पायाने दाबून पाहिला. मग पुढच्या चाकासाठी दुसरा शोधायला गेला.

रस्ता तिथे सपाट आहे.